शॉवरच्या भिंतीवरचं जुनं सागवान दर पावसाळ्यात काळं पडतं : दोष शोधायचा कुठे?

जून उलटला की शॉवरखालच्या फळ्यांवर काळे ठिपके दिसायला लागतात. जुलैत ठिपक्यांचे डाग होतात, ऑगस्टमध्ये दोन-चार फळ्या पन्हळीसारख्या वाकतात आणि सकाळी बाथरूमचं दार उघडलं की कुबट वासाचा भपकारा येतो. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी घासूनपुसून, पॉलिश मारून सगळं चकचकीत करून देतं. पुढच्या जूनला परत पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे तीन वर्षं चाललं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गावचं घर उतरवलं तेव्हा माजघरावरच्या कडीपाटाच्या फळ्या निघाल्या. पाऊण इंच जाड, सहा इंच रुंद, एका बाजूला चुलीची काजळी आणि दुसऱ्या बाजूला माळ्यावरची धूळ. रंधा मारल्यावर आतून असं काही मधाळ सागवान निघालं की विकायचं मन होईना. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम चालूच होतं. शॉवरच्या भिंतीला लावून टाकल्या. बघणारे वाहवा करत होते, पहिल्या पावसाळ्यापर्यंत.

पहिल्या वर्षी निदान झालं, "पॉलिश हलकं होतं." म्हणून दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेनचं, वर थर बनवणारं पॉलिश) मारलं. दुसऱ्या वर्षी निदान झालं, "बुरशी आहे." म्हणून ब्लीच लावून घासलं आणि वर परत पीयू. तिसऱ्या वर्षी डाग पॉलिशच्या खाली गेले. म्हणजे वरून पुसायचीही सोय राहिली नाही. तेव्हा एक फळी उचकटून काढली.

फळी सहजी सुटली नाही. मागे गोंदाचे जाड पट्टे होते, थेट टाइलवर चिकटवलेले. पटाशी घालून उचलली तेव्हा खालच्या कडेकडून आधी चमचाभर तपकिरी पाणी ओघळलं, मग ती निघाली. पुढून सोनेरी दिसणारी ती फळी मागून कोळशासारखी काळी होती, खालच्या टोकाला बोट लावलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लाकूड बोटाला लागत होतं. आणि सगळ्यात खाली, फळी जिथे जमिनीच्या टाइलला टेकते तिथे, आमच्या मिस्त्रींनी अगदी मन लावून सिलिकॉनची रेघ ओढली होती. पाणी आत जाऊ नये म्हणून. आत गेलेलं पाणी बाहेर येऊ नये याचीही सोय त्याच रेघेने केली होती.

आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, "अरे, न्हाणीतला पाट कधी ओल्या जमिनीवर पालथा टाकून ठेवला होता का आपण?"

बरोबरच होतं तिचं. गावच्या न्हाणीत सागवानी पाट होता, रोज पाच-सहा माणसांच्या आंघोळी त्यावर व्हायच्या आणि मला कळायला लागल्यापासून तो तोच होता. पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यामुळे त्याचं पोट जमिनीला कधी लागायचं नाही. शेवटच्या माणसाने आंघोळ झाली की तो भिंतीला तिरका उभा करायचा, हा घरचा दंडक. दोन्ही बाजूंनी वारा. संध्याकाळपर्यंत खडखडीत. उलट टोकाचं उदाहरण विहिरीचं. तळाशी जांभळाच्या लाकडाचं कडं घालतात, ते कायम पाण्याखाली राहून वर्षानुवर्षं टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला तिथे हवा मिळत नाही. लाकडाचं वाटोळं होतं ते मधल्या अवस्थेत: ओल आहे, हवाही आहे आणि वाळायला वाट नाही. माझी भिंत नेमकी तशी बांधली होती.

त्यामुळे घासायला बसण्याआधी पाणी कुठून येतंय आणि कुठे अडतंय हे शोधा. क्रम मी सांगतो तसा ठेवा, कारण मी तो उलटा ठेवून पैसे घालवले आहेत.

आधी भिंतीची पलीकडची बाजू बघा

शॉवरच्या भिंतीच्या मागे बेडरूम किंवा पॅसेज असेल तर तिथल्या रंगाला पोपडे आलेत का, कपाटाची पाठ सादळली आहे का, ते बघा. तसं असेल तर दोष लाकडाचा नाही, भिंतीत ओल मुरते आहे. मग त्या बाथरूममध्ये आठवडाभर आंघोळ बंद करा, पण नळाचं पाणी चालू राहू द्या. डाग वाळायला लागला तर वॉटरप्रूफिंग किंवा टाइलचे सांधे गळताहेत. तसाच ओला राहिला तर भिंतीतली पाइपलाइन ठिबकते आहे, प्लंबरला बोलवा. या दोन्हीत फळ्या कितीही चांगल्या बसवल्या तरी उपयोग नाही.

लाकूड हे पाणी अडवायचं साधन नव्हे, हे इथे ठासून सांगतो. पाणी अडवतं ते मागचं वॉटरप्रूफिंग. "सागवान आहे, पाण्याला काही होत नाही" म्हणत फळ्यांच्या मागे नुसतं प्लास्टर ठेवलेलं एक बाथरूम मी पाहिलं आहे. त्या घरमालकाला नंतर भिंतही करावी लागली.

फळी कुठल्या बाजूला वाकली आहे?

ही तपासणी फुकटात होते आणि बरंच काही सांगून जाते. एक सरळ पट्टी फळीवर आडवी धरा. फळीच्या कडा तुमच्याकडे उचलल्या गेल्या असतील, मध्ये खोलगट पन्हळ झाली असेल, तर फळीची पाठ जास्त ओली आहे. पाठ फुगते, पुढची बाजू तेवढी फुगत नाही, म्हणून कडा पुढे येतात. पोट पुढे आलं असेल आणि कडा भिंतीकडे ओढल्या असतील, तर पुढच्या बाजूला ओल जास्त आहे. एकट्यादुकट्या फळीवरून निष्कर्ष काढू नका, कारण लाकूड खोडातून कसं चिरलं आहे यानेही फळी वाकते. शॉवरखालच्या सगळ्या फळ्या एकाच दिशेने वाकल्या असतील तर मात्र शंका नको. माझ्याकडे सगळ्यांच्या कडा पुढे होत्या. तीन वर्षं रोज समोर दिसत होतं आणि मी पॉलिशचे ब्रँड बदलत होतो.

काळा डाग बुरशीचा की लोखंडाचा?

जुन्या लाकडात हा घोळ हमखास होतो. कडीपाटाच्या, दाराच्या, खिडकीच्या लाकडात तुटलेले खिळे आत राहिलेले असतात. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी एकत्र आलं की निळसर-काळा डाग पडतो. दौतीतली जुनी काळी शाई याच रसायनाची. असा डाग खिळ्याभोवती कडं करून किंवा लाकडाच्या रेषेबरोबर वरखाली लांबट पसरतो. बुरशीचे ठिपके विखुरलेले असतात, साबणाचं पाणी जिथे साचतं तिथे दाट.

खात्री करायची तर डागावर साध्या ब्लीचचा एक थेंब टाका. पाच मिनिटांत फिकटला तर बुरशी. काहीच झालं नाही तर ती जागा पाण्याने नीट धुऊन, दुसऱ्या दिवशी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावा, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम पावडर. त्याने उजळला तर लोखंडाचा डाग. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग न धुता लावू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ऑक्झॅलिक स्वतःही विषारी आहे. हातमोजे घाला, वाळल्यावर राहिलेली पांढरी पावडर पाण्याने पुसून काढा, तिच्यावर कोरडा सँडपेपर फिरवू नका.

लोखंडाचा डाग ऑक्झॅलिकने गेला तरी खिळा आत आहे तोवर तो परत येणार. ताकदीचं लोहचुंबक फळीवरून फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खूण करा आणि खिळा काढा किंवा तेवढा तुकडा कापून टाका. मी एका फळीतून अकरा तुकडे काढले. रंध्याच्या पात्याला किती दाते पडले ते विचारू नका.

कुजलं आहे की नुसतं काळं पडलंय?

टोच्या किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. फळीचं खालचं टोक, सांधे आणि नळाच्या भोवतीची भोकं टोचून बघा. चांगल्या सागवानात टोच्या जेमतेम रुततो आणि उकरलं तर लांब कपची निघते. कुजलेल्यात सहज आत जातो, उकरलं तर आखूड चौकोनी तुकडे पडतात. टोकंच का? लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात. फळीच्या अंगातून जेवढं पाणी शोषलं जातं त्याच्या कितीतरी पट ते टोकातून शोषलं जातं. आणि सुतार नेमकी टोकंच पॉलिश न करता सोडतो, कारण ती दिसत नाहीत.

लाकडातली ओल टक्क्यांत सांगणारा टोचणीवाला मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. पुण्यात माझ्या हॉलमधल्या सागवानावर मे महिन्यात ८-९ टक्के येतात, ऑगस्टमध्ये १६-१७. बाथरूमच्या फळ्या बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहत असतील तर कुजण्याची तयारी चालू आहे असं धरा. माझ्या उचकटलेल्या फळीची पाठ मीटरच्या मापाबाहेर होती.

हेच आकडे फळ्यांच्या फुगण्याचा हिशेबही देतात. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्यापर्यंत सागवान रुंदीत साधारण ५ ते ६ टक्के आकसतं, तेही फळी आडव्या चिरीची असेल तर, म्हणजे टोकाला दिसणाऱ्या खोडाच्या वर्तुळरेषा फळीच्या रुंदीला समांतर असतील तर. उभ्या चिरीची, म्हणजे त्या रेषा उभ्या असलेली फळी त्याच्या निम्मीच हलते. उन्हाळा ते पावसाळा हा त्या प्रवासाचा साधारण एक तृतीयांश. म्हणजे १५० मिलिमीटरची फळी अडीच-पावणेतीन मिलिमीटर रुंद होते. सात फूट रुंदीच्या भिंतीत अशा चौदा उभ्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर वर्षभरात साडेतीन सेंटिमीटर जागा कुठून तरी आणावी लागते. ती नाही मिळाली की फळ्या एकमेकींना चेपतात, गोंद सोडतात, फुगून पुढे येतात. चेपलेले तंतू परत पूर्वीसारखे होत नाहीत, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात फटी आधीपेक्षा रुंद दिसतात. मग कोणीतरी त्या फटीत सिलिकॉन भरतं.

लाकूड कुठलं आहे?

जुनं लाकूड म्हणजे चांगलं लाकूड, हा समज सोडा. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन "रिक्लेम्ड" (पुन्हा वापरात आणलेलं) म्हणून विकतात. हॉलच्या भिंतीवर ते छान दिसतं, शॉवरखाली टिकत नाही. त्यावर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. तसलं घरातच आणू नका. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेलं. रेल्वेचे जुने स्लीपर बरेचदा क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या तेलात, मुरवलेले असतात, गरम पाण्याच्या वाफेत तो वास आणि ते तेल अंगाशी नको. सागवानातही गाभ्याचं तपकिरी लाकूडच पाण्याला पुरून उरतं. सालीजवळचा फिकट पांढरा पट्टा वाळवीला, भुंग्याला आणि कुजण्याला तेवढाच बळी पडतो जेवढं कुठलंही साधं लाकूड. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो त्याच पट्ट्यात असतो. बोरॅक्सचं पाणी मारून ठेवा असं सुचवतात, पण बोरॅक्स पाण्यात विरघळतं. शॉवरखाली ते वाहून जाणार. तो पट्टा कापूनच टाका.

फळीवर जुना ऑईलपेंट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, वाड्याची दारं त्याच्या किती आधीची. कोरडं सँडिंग करू नका, ओलं करून खरवडा, आणि लहान मुलं असतील तर दुसरीकडे धाडा.

मी परत कसं केलं

सगळ्या फळ्या काढल्या. चौदापैकी पाच खालून कापून आखूड झाल्या, दोन फेकल्या. टाइल आणि सांधे नीट करून घेतले, जमिनीवर दोन दिवस पाणी साठवून खालच्या शेजाऱ्यांचं छत तपासलं. मग फळ्या चार-सहा महिने घराच्या गॅलरीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. घाई नको होती, आणि तेवढे पैसेही नव्हते.

आता त्या भिंतीला चिकटवलेल्या नाहीत. आडव्या फळ्यांचे दोन फूट बाय चार फुटांचे सुटे पॅनेल केले. मागे सागवानाच्याच उभ्या रिपा, म्हणजे पाटाच्या पट्ट्यांसारखी सोय: फळी आणि टाइल यांच्यात १२ मिलिमीटरची पोकळी, पाणी सरळ खाली जातं, वारा वर येतो. फळ्या उभ्या लावायच्या असतील तर रिपा आडव्या येतात आणि त्यांच्यावर पाणी बसून राहतं. मग त्या उतरत्या बसवाव्या लागतात किंवा तुकडे-तुकडे करून. दोन फळ्यांत ४ मिलिमीटरची फट. पॅनेलची खालची कड मोकळी, तिथे सिलिकॉन अजिबात नाही. टाइलला पकडणारी एक रीप वरच्या अंगाला, ४५ अंशात चिरलेली. पॅनेलमागे तिचीच उलटी जोड. पॅनेल तिच्यात अडकतो आणि वर उचलला की निघतो. पाऊण इंची सागवान चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतं, म्हणजे एक पॅनेल रिपांसकट दहाच्या आत. एकट्याने उचलता येतो.

टाइलला भोकं पाडणं म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोकं पाडणं, म्हणून ती जेवढी कमी आणि जेवढी वर तेवढी बरी, आणि प्रत्येक भोकात रावळप्लगच्या आधी सीलंट. स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे. रत्नागिरी-मालवणसारख्या खाऱ्या हवेत असाल तर ३१६ चे. साध्या पिवळ्या मुलाम्याच्या स्क्रूने वर सांगितलेले शाईचे डाग घरबसल्या तयार होतात.

पॉलिशबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि माझ्या मते ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. पीयूचा थर सांध्यापाशी केसाएवढा चिरला की पाणी आत जातं आणि थरामुळेच बाहेर पडत नाही. माझे पॉलिशखालचे डाग तसेच झाले. मी आता मुरणारं तेल लावतो, टंग ऑईल (टंग झाडाच्या बियांचं तेल), सहाही बाजूंना, टोकांना चार-पाच हात. आधी लाकूड थिनरने पुसून घेतो, कारण सागवानाचं स्वतःचं तेल वर आलेलं असतं आणि त्यावर काही नीट धरत नाही. अळशीचं तेल स्वस्त आहे खरं, पण बुरशीला ते खाद्य होतं. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पंख्याकडून फार आशा ठेवू नका. सहा इंची एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास चालवतो, दाराखाली बोटभर फट ठेवली आहे, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. पण श्रावणात बाहेरचीच हवा ओली असते. त्यापेक्षा शेवटची आंघोळ झाली की फळ्यांवरून वायपर फिरवणं जास्त कामाचं. अर्धा मिनिट लागतो. घरातल्या सगळ्यांना याची सवय लावणं हे मात्र वॉटरप्रूफिंगपेक्षा अवघड काम आहे.

बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टे व्हिनेगरच्या पाण्याने पुसतो. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड लाकडाजवळ नेत नाही.

आणि हो, बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात खालच्या तीन फुटांत लाकूड लावूच नका. शॉवरपेक्षा तांब्याचं पाणी जोरात आपटतं, साबणासकट. आम्ही तिथे टाइल उघडीच ठेवली आणि पॅनेल त्याच्या वर चढवले. दिसायला काही वाईट दिसत नाही.

दसऱ्याच्या आसपास पॅनेल काढून गच्चीत उभे करतो, चार दिवस सावलीत, एक दिवस उन्हात. पहिल्याच दिवशी कडक ऊन दिलं तर फळ्या तडकतात. परत लावण्याआधी मागून तेलाचा एक हात. यंदाचा तिसरा पावसाळा गेला, मीटर ऑगस्टमध्येही १९ च्या वर चढला नाही. एकच पॅनेल, गीझरच्या बाजूचा, अजून त्रास देतो. त्यातली खालून दुसरी फळी दीड मिलिमीटर वाकते, कारण तिच्या एका कडेला सालीजवळचा पांढरा पट्टा आहे. कापायला हवा होता, पण त्यावर कडीपाटाच्या सुताराने पटाशीने कोरलेला आकडा होता, म्हणून ठेवला. या दसऱ्याला ती फळी तिथून काढून हॉलमध्ये लावणार आहे.